दहा दिवसांची भाजी



मागील अंक हाती पडल्यावर आपल्यापैकी काहींनी एक चौकशी केली. शहरात 'मायक्रोग्रीन्स' नावाची कोवळी भाजी घरातच वाढवतात, तिचे तयार संच वाड्यांवर पाठवावेत का? प्लॅस्टिकचे ट्रे, पाकिटातले बी, नारळाच्या काथ्याची दाबलेली वडी आणि फवारणीची बाटली असा तो संच असतो. विचारणाऱ्यांचा हेतू चांगला आहे आणि भाजीही चांगली आहे, पण संच पाठवू नयेत असे माझे मत आहे. ते का, हे पुढे येईलच. त्याबरोबर ही भाजी घरच्या टोपलीत आणि घरच्या बियांवर कशी करतात तेही सांगते, म्हणजे नगर-पुण्याच्या वाचकांनाही स्वयंपाकघराच्या खिडकीत ती करून पाहता येईल.

अकोले तालुक्याचा पश्चिम भाग ज्यांनी फक्त पावसाळ्यात पाहिला आहे, त्यांना तिथे भाजीची चणचण असते हे खरे वाटत नाही. घाटघर, रतनवाडी, साम्रद या पट्ट्यात आपल्या जिल्ह्यातला सर्वांत जास्त पाऊस पडतो. पहिल्या सरींनंतर पंधरा दिवसांत बांधावर आणि घरामागे टाकळा, कुरडू, फांदा, चाई अशी भाजीच भाजी होते, पुढे करटोली येतात. महादेव कोळी आणि ठाकर घरांतल्या बायांना या पाल्याची जी ओळख असते ती आपल्याला पुस्तके वाचून येणार नाही. टाकळा दोन-चार पानांवर असतानाच खुडायचा, वाढला की उग्र लागतो, हे तिथल्या लहान मुलीलाही ठाऊक असते. हिवाळ्यात परसात मेथी, वाल, घेवडा असतात. हरभऱ्याचा कोवळा शेंडा असतो.

अडचण होळीनंतर सुरू होते. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पूर्ण झाले, ते याच तालुक्यात आहे. त्याचे पाणी खाली संगमनेर, श्रीरामपूर, राहुरीच्या शेतांकडे जाते, आणि वरच्या अंगाच्या वाड्यांतल्या बाया चैत्र-वैशाखात हंडे घेऊन टेकडी चढतात. परसातला वाफा सुकतो. ताटात नागलीची किंवा तांदळाची भाकरी, खुरासणीची चटणी, कधी उडदाचे नाहीतर हुलग्याचे कालवण. राजूरच्या बाजारात पालेभाजी मिळते, पण वाडीवर पोहोचेतो ती मान टाकते, आणि जाण्या-येण्याचे भाडे जुडीपेक्षा जास्त पडते. असे जवळजवळ तीन महिने हिरव्या पानावाचून जातात. एखाद्या घरी नेमके याच तीन महिन्यांत बाळंतपण असते, दुसऱ्या घरी सहा महिन्यांचे मूल वरच्या अन्नाला लागलेले असते. माझे लक्ष या तीन महिन्यांवर आहे. एरवी ज्यांच्याकडे परसात माठ उभा आहे त्यांनी टोपलीचा खटाटोप करू नये.

मायक्रोग्रीन्स हे काही वेगळे पीक नव्हे. मेथी, मोहरी, मुळा, माठ यांचेच बी दाट पेरायचे, आणि रोपाची पहिली दोन दळे उघडून त्यांच्या मधून खरे पान डोकावू लागले की मुळाच्या वर कापून घ्यायचे. मोड आणि ही भाजी यांत फरक आहे. मोड अंधारात, ओल्या फडक्यात येतात आणि ते मुळासकट खातात. ही भाजी मातीत आणि उजेडात वाढते, तिचे मूळ मातीतच राहते.

आपल्या भागात ही गोष्ट नवी नाही. नवरात्रात घटाभोवती माती पसरून सात धान्ये पेरतात आणि नवव्या-दहाव्या दिवशी वीतभर वाढलेले धान दसऱ्याला टोपीत खोवतात. घराघरातल्या बायांच्या हाताला ही दाट पेरणी आणि बेताचे पाणी ठाऊक असते. घटाचे धान पिवळट दिसते, कारण ते देवघराच्या अंधारात वाढते. तशीच टोपली चौथ्या दिवशी उजेडात आणली तर ती हिरवी होते. एवढे सांगितले की पुढचे शिकवावे लागत नाही.

दहा दिवस म्हटले की आपल्यापैकी पुष्कळांना दानीएलाच्या पुस्तकाचा पहिला अध्याय आठवेल. राजाच्या ताटातले नको म्हणून त्या चौघा तरुणांनी दहा दिवस जे अन्न मागितले, त्यासाठीचा मूळ इब्री शब्द 'बी' या शब्दापासूनच आलेला आहे, म्हणजे पेरून उगवलेले ते. यावरून दानीएल मायक्रोग्रीन्स खात होता असे कोणी कृपा करून उपदेशात सांगू नये! मला त्या गोष्टीत आवडते ते इतकेच की दहा दिवसांनी त्यांचे चेहरे प्रत्यक्ष तपासून पाहिले गेले. आपणही कोणाला काही खायला सांगितले तर नंतर जाऊन पाहावे.

आता कृती. टोपली एक फूट लांब-रुंद आणि तीन-चार बोटे खोल असली की झाले. बांबूची जुनी टोपली, भोके पाडलेली पत्र्याची पाटी, फुटका टब, काहीही चालेल, पण तळातून पाणी निथळले पाहिजे. तिच्यात दोन बोटे चाळलेली माती भरावी. शेणखत घालायचे असेल तर ते वर्षभर कुजलेले, मातीसारखे भुसभुशीत झालेलेच घालावे. ताजे शेण नको, आणि वरून जीवामृत किंवा गोमूत्र शिंपडणेही नको. शेतातल्या पिकाला ते ठीक असेल, पण ही भाजी जमिनीलगत कापून बहुतेक वेळा कच्ची खायची असते.

मेथीची एक मूठ, म्हणजे साधारण ४० ग्रॅम, एका टोपलीला पुरते. ती रात्रभर भिजवावी, सकाळी ते पाणी फेकून दोनदा धुवावी आणि मातीवर एका थरात पसरावी. दाणा दाण्याला टेकला तरी चालेल, दाण्यावर दाणा चढू नये. वर मातीचा थर द्यायची गरज नाही. मोहरी भिजवायची नाही, ती चिकट होऊन गोळा होते. तिचे दोन चहाचे चमचे कोरडेच भुरभुरावेत. माठ आणि राजगिऱ्याचे बी फार बारीक असते, ते राखेत किंवा कोरड्या मातीत मिसळून टाकले तर सारखे पडते. धने हाताने रगडून त्यांची दोन दळे वेगळी करावीत, मग भिजवावेत. मुळा सात-आठ दिवसांत तयार होतो, मेथी आणि मोहरी आठ-दहा दिवसांत, माठाला पंधरवडा लागतो. धन्यांना तीन आठवडे द्यावे लागतात, आणि वैशाखाच्या उष्म्यात ते नीट रुजतही नाहीत. उन्हाळ्यात धन्यांच्या नादी लागूच नये. माठ आणि अंबाडी यांना उष्णता मानवते, म्हणून मे महिन्यात त्याच बऱ्या.

पेरल्यावर टोपलीवर ओले गोणपाट टाकून ती घरात सावलीला ठेवावी. सकाळ-संध्याकाळ गोणपाट उचलून हाताने पाणी शिंपडावे. तिसऱ्या दिवशी कोंब गोणपाटाला ढकलू लागले की ते काढून टाकावे आणि टोपली ओसरीवर, जिथे उजेड आहे पण दुपारचे ऊन नाही, अशा जागी ठेवावी. मुळाशी पांढरी लव दिसली की पुष्कळ जणी बुरशी समजून सगळे फेकून देतात. तसे करू नये. पाणी शिंपडल्यावर जी लव नाहीशी होते ती मुळांची असते. बुरशी कोळ्याच्या जाळ्यासारखी रोपांवरून पसरते, पाण्याने जात नाही आणि तिला कुबट वास येतो. तशी टोपली मात्र उकिरड्यावर ओतावी.

पाण्याचा प्रश्न मला वाड्यांवर नेहमी विचारतात, आणि तो रास्त आहे. एका टोपलीला दिवसाला साधारण एक तांब्या लागतो, कडक उन्हाळ्यात दीड. तो पिण्याच्या हंड्यातलाच हवा. भांडी घासलेले किंवा आंघोळीचे पाणी इथे चालणार नाही. परसातल्या वाफ्याला लागते त्या मानाने हे काहीच नाही, तरी डोक्यावरून आणलेला तांब्या तो तांब्याच. म्हणून एका घराला तीन टोपल्यांच्या वर सांगू नये.

मेथीच्या बाबतीत पाणी आणि बी स्वच्छ असण्याला किती महत्त्व आहे ते २०११ साली जर्मनीत दिसले. तिथे कच्चे मोड खाऊन हजारो माणसे आजारी पडली आणि पन्नासहून अधिक दगावली. तपासाचा माग इजिप्तहून आलेल्या मेथीच्या बियांपर्यंत गेला. मोडांपेक्षा मातीतल्या भाजीत हा धोका कमी असतो, पण तो नाहीच असे नाही. गरोदर बाई आणि लहान मूल यांना ही भाजी वाफवून किंवा वरणात उकळी आणून द्यावी. त्यात थोडे जीवनसत्त्व गेले तरी जाऊ द्यावे.

काही रोपे मुळीच खायची नाहीत. टोमॅटो, वांगे, मिरची, बटाटा यांचे कोवळे रोप आणि पाला विषारी असतो. ज्वारीचा कोवळा फुटवा खाऊन गुरे मरतात हे आपल्या जिल्ह्यात कोणाला सांगायला नको. त्या कोवळ्या रोपात सायनाइडचे विष तयार होते, ते माणसालाही तसेच लागेल. वाल आणि घेवड्याचे कोवळे रोप कच्चे खाऊ नये. आणि बी-भांडारातून पेरणीसाठी आणलेले गुलाबी, निळे, हिरवे रंगवलेले बी कितीही धुतले तरी टोपलीत वापरायचे नाही. तो रंग बुरशीनाशकाचा असल्याची खूण आहे. किराणा दुकानातली मेथी-मोहरी चालते, ती खाण्यासाठीच विकलेली असते.

या भाजीच्या गुणांविषयी हल्ली फार मोठमोठे बोलले जाते. २०१२ साली अमेरिकेत मेरिलँड विद्यापीठ आणि तिथल्या शेती खात्याच्या संशोधकांनी अशा पंचवीस कोवळ्या भाज्या तपासल्या. वजनाला वजन लावून पाहिले तर पक्व पानांपेक्षा यांच्यात जीवनसत्त्वे दाट असतात असे त्यांना आढळले. 'अ' जीवनसत्त्व ज्यांपासून बनते त्या जातीच्या रंगद्रव्यांत कोथिंबीर पहिली आली, 'के' जीवनसत्त्वात लाल माठ, 'ई' जीवनसत्त्वात मुळा. तिन्ही आपल्या परसातल्या आहेत याचा मला आनंद वाटला. गेल्या वर्षी, २०२५ मध्ये, शुभांशू शुक्ला यांनी अंतराळ स्थानकात मेथी आणि मूग रुजवले, तेव्हा तर वाड्यांवरच्या शाळकरी पोरांनाही टोपलीचे महत्त्व पटले.

पण हिशोब करून पाहावा. एका टोपलीतून सव्वाशे ते दीडशे ग्रॅम भाजी निघते. तीन टोपल्या पाळीपाळीने पेरल्या तर नव्वद दिवसांत सत्तावीस कापण्या होतात, म्हणजे साडेतीन-चार किलो भाजी. रोजची चाळीसेक ग्रॅम. घरात पाच-सहा माणसे असतील तर वाटून कोणाच्याच वाट्याला काही येत नाही. म्हणून मी घरात सर्वांसमोर, सासूबाईंच्या देखतच सांगते की ही भाजी बाळंतिणीची आणि धाकट्या लेकराची आहे. न सांगितले तर काय होते ते आपण जाणतो. बाई सर्वांना वाढून मागून जेवते आणि टोपलीला पाणी घालणारीच्या ताटात पान पडत नाही.

आणि हे औषध नव्हे. अंगात रक्त कमी असलेल्या बाईने लोहाच्या गोळ्या सोडून मेथी खाल्ली तर तिचे नुकसान होईल. आदिवासी भागात अंगणवाडीतून डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेखाली गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचा चौरस आहार मिळतो आणि मुलांना अंडी किंवा केळी मिळतात. तो हक्क आहे, तो आधी घ्यावा. मुलाचे वजन करून घ्यावे. टोपली त्यानंतर. जेवताना वर लिंबू पिळले तर पानातले आणि भाकरीतले लोह अंगी लागायला मदत होते, आणि जेवणावर लगेच चहा घेतला तर ते वाया जाते. 'अ' जीवनसत्त्वासाठी पाल्याला थोडी स्निग्धता लागते. त्यासाठी खुरासणीची चटणी घरात असतेच. कोवळी मेथी, कांदा, दाण्याचे कूट आणि कच्चे तेल घालून केलेला घोळाणा मला स्वतःला फार आवडतो, पण मोहरीचा पाला लहान मुलांना झणझणीत लागतो, तो पिठल्यात शिजवावा.

आता संच का नकोत ते सांगते. टोपली बी खाते, बी देत नाही. दहाव्या दिवशी रोप कापले की त्याचे आयुष्य संपले, त्याला पुढे फूल नाही आणि दाणा नाही. वर सांगितलेल्या सत्तावीस पेरण्या मेथीच्याच केल्या तर एका उन्हाळ्याला किलोभर बी लागेल. संचातले पाकीट दोन पेरण्यांत रिकामे होते, आणि त्यात बहुधा ब्रोकोली नाहीतर लाल कोबी असते, ज्याचे बी राजूरच्या बाजारात मिळत नाही आणि वाडीवर धरताही येत नाही. काथ्याची अर्ध्या-पाऊण किलोची वडी फुगवायलाच तीन-चार लिटर पाणी जाते. मग पुढच्या होळीला पुन्हा आपल्याकडे मागणी येईल, आणि आपण पुन्हा संच पाठवू. अहवालात हे छान दिसते, पण घरात काही उरत नाही.

त्यापेक्षा हिवाळ्यात परसातला मेथीचा एक वाफा न खुडता उभा ठेवावा. किलोभर बियांना आठ-दहा चौरस मीटर जागा लागते, म्हणजे गुंठ्याचा दहावा हिस्सा. मोहरी आणि माठ मिसळून पेरले तर त्याहूनही कमी. माठाचे एकच निरोगी झाड वाळेपर्यंत राखले तरी वर्षाचे बी होते. याच तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी शाळेची पायरी न चढता गावरान वाणांचे बी जपले. बायफ संस्थेच्या साथीने त्यांनी बियाण्यांची बँक उभी केली आणि त्यांना २०२० सालची पद्मश्री मिळाली. बी घरात ठेवायची रीत त्यांच्यासारख्या बायांनीच टिकवली आहे. दाणा दातांखाली कट्कन तुटेपर्यंत वाळवायचा, चुलीची चाळलेली राख आणि कडुनिंबाचा वाळका पाला मिसळायचा, मडक्यात भरून तोंड शेणमातीने लिंपायचे. खाण्याच्या टोपलीसाठी काढताना बी पाखडून दोन पाण्यांत धुवावे.

देणगीच द्यायची असेल तर घराजवळच्या वाफ्याला कुंपण घालायला काट्याकुट्यांऐवजी चांगली जाळी द्या. शेळ्या आणि कोंबड्या बियांचा वाफा राहू देत नाहीत.

टोपलीचा आणखी एक उपयोग बायकांनीच शोधला आहे. शंभर दाणे मोजून टाकायचे आणि किती उगवले ते पाहायचे. सोयाबीनला ७० टक्के उगवण हा किमान दर धरतात, तोच अंदाज इथेही चालतो. मृगाच्या आधी बी जिवंत आहे की नाही हे कळले तर पेरणी फुकट जात नाही.

साठवणीबद्दल बरेच जण विचारतात. सर्वांत चांगली साठवण म्हणजे न कापणे. टोपलीत उभी असलेली भाजी तीन-चार दिवस तशीच ताजी राहते, तेव्हा लागेल तेवढीच कोपऱ्यातून कापावी आणि तीन टोपल्या तीन-तीन दिवसांच्या अंतराने पेराव्यात. कापायच्या आदल्या संध्याकाळपासून पाणी बंद ठेवले की पाने कोरडी राहतात. सकाळी ऊन चढण्यापूर्वी धारदार कात्रीने मातीच्या एक बोट वर कापावे, बोथट विळ्याने देठ चेंगरतात आणि काळे पडतात. ठेवायची असेल तर धुवायची नाही, धुवायची ती खायच्या वेळी. शहरात फ्रीजमध्ये, डब्यात तळाला कोरडे सुती फडके घालून ठेवली तर पाच-सात दिवस टिकते. फ्रीज नसेल तर एका मोठ्या मडक्यात लहान मडके ठेवून मधल्या जागेत ओली वाळू भरावी, आत भाजी आणि वर ओले फडके. नायजेरियातले शिक्षक मोहम्मद बाह अब्बा यांनी हीच मडकी हजारो घरांत पोहोचवली आणि २००० साली त्यांना त्यासाठी आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आपल्याकडे माठातले पाणी गार होते तेच हे तत्त्व आहे. कोरड्या उन्हाळ्यात भाजी त्यात दुसऱ्या दिवसापर्यंत नीट राहते. पाऊस सुरू होऊन हवा दमट झाली की मडके थंड होत नाही, पण तोवर टाकळा उगवलेला असतो.

कापून झाल्यावर मुळांचा जाड थर मातीसकट उचलून येतो. तो पुन्हा पेरू नये. कोंबड्यांपुढे टाकावा, त्या तासाभरात मुळे आणि राहिलेले दाणे वेचून माती मोकळी करून देतात. ती माती दोन दिवस उन्हात तापवली की पुढच्या टोपलीला चालते.